सोफ्याच्या टोकावरचा माणूस

रविवारी रात्री आमच्याकडे सिनेमा लागतो तेव्हा सोफ्यावरच्या जागा ठरलेल्या असतात. मधोमध मी, कारण रिमोट माझ्याकडे. डाव्या टोकाला बायको. उजव्या टोकाला आई, कारण तिथे पंख्याचा वारा थेट लागत नाही. सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच उजवीकडून प्रश्न यायचा, "काय म्हणाला रे तो?" मी सांगायचो. सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जायची, मग तीही सांगावी लागायची.

आम्ही सगळ्यांनी मिळून आईच्या कानांना दोष दिला. तपासणी झाली. कान वयाच्या मानाने छान निघाले. मग एकदा ती चार दिवस मावशीकडे गेली असताना मी सहज तिच्या जागेवर पाय पसरून बसलो आणि दहाव्या मिनिटाला मीच बायकोला विचारलं, "काय म्हणाला?" ती म्हणाली, "मला काय विचारतोस? मी कधीपासून सबटायटलंच वाचतेय."

तोपर्यंत आमचा सेंटर स्पीकर हा माझ्या अभिमानाचा विषय होता. टीव्हीखाली आडवा ठेवलेला, काळा, दोन्ही अंगांना जाड आवाजाचे पाच-पाच इंचांचे वूफर आणि मधे बारीक आवाजाचा ट्वीटर. शिवाय सवलतीत मिळालेला. दुकानात ऐकला तेव्हा मी त्याच्या बरोबर समोर उभा होतो. घरीही बरोबर समोरच बसत होतो. म्हणजे स्पीकर मी माझ्या जागेसाठी निवडला होता, आणि खरं सांगायचं तर माझ्या जागेवर बसणाऱ्याला सेंटरची गरज सगळ्यात कमी असते.

ती कशी, हे आधी पाहू. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून एकच आवाज सारख्याच जोराने आला तर मधोमध बसलेल्या माणसाला तो दोघांच्या मधून, रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटतो. साधं स्टिरिओ याच भासावर चालतं. पण माणूस एका बाजूला सरकला की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, आणि आपला मेंदू आधी आलेल्या आवाजाची दिशा खरी धरतो. मग नायिका पडद्याच्या मध्यभागी बोलते आणि तिचा आवाज उजव्या कोपऱ्यातल्या कुंडीतून येतो. टोकाला बसलेल्यांसाठी संवाद पडद्याला खिळवून ठेवायचा, तर मधे खराखुरा स्पीकरच लागतो. सेंटरचा जन्मच या माणसासाठी झाला आहे.

जन्म तसा जुना आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल लॅबोरेटरीजच्या हार्वे फ्लेचर आणि मंडळींनी एक प्रयोग केला. फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि तारेवरून आलेला त्याचा आवाज वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमधले श्रोते ऐकत होते. नेहमीचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये आवाजाच्या बटणांपाशी बसले होते. रंगमंचासमोर मायक्रोफोन तीन, तारा तीन, पलीकडे स्पीकरही तीन. म्हणजे स्टिरिओच्या बाल्यावस्थेतच मधला स्पीकर हजर होता. पुढे १९५३ मध्ये सिनेमास्कोपचा 'द रोब' आला तेव्हा पडद्यामागे डावा, मधला, उजवा असे तीन आणि प्रेक्षागृहात चौथा, अशी मांडणी होती. आपल्याकडे १९७५ साली 'शोले'ची ७० एमएम प्रिंट मुंबईच्या मिनर्व्हात लागली, ती पाच वर्षं उतरली नाही. तिथे गब्बरचा आवाज गब्बरच्याच तोंडून येतोय असं बाल्कनीच्या कोपऱ्यातल्यालाही वाटायचं, त्याचं श्रेय पडद्यामागच्या स्पीकरना होतं. सिनेमाच्या पडद्याला बारीक भोकं असतात, आवाज त्यातून आरपार येतो.

घरात मात्र दोनच स्पीकर आले. कारण तबकडी. स्टिरिओ रेकॉर्डच्या खोबणीला भिंती दोन, म्हणून वाहिन्या दोन. तिसऱ्याला जागाच नव्हती. घरच्या घरी मधला स्पीकर नीट चालू लागला तो १९८७ मध्ये डॉल्बी प्रो लॉजिक आल्यावर, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डीव्हीडी आल्यावर तो रुळला. पण घरच्या टीव्हीला भोकं पाडता येत नाहीत. मग मधल्या स्पीकरला ठेवायचं कुठे? तेव्हाच्या जाडजूड टीव्हीच्या डोक्यावर भरपूर सपाट जागा असायची. एरवी तिथे विणलेला रुमाल आणि ताजमहाल असायचा. स्पीकर तिथे चढला, आणि तिथे बसावा म्हणून आडवा झाला. त्या काळी त्याच्या चुंबकाला वेगळं कवच घालत, नाहीतर पडद्यावर हिरवे-जांभळे डाग उमटत. आता पातळ टीव्हीला त्याचं काही सोयरसुतक नाही. तरी एखादा जुना विक्रेता अजून "शील्डेड आहे, साहेब" म्हणून दोन पैसे जास्त सांगतो. ऐकून सोडून द्यावं.

आडवा होणं एवढं साधं नव्हतं. वूफर, ट्वीटर, वूफर अशी एका ओळीतली रचना अमेरिकन अभियंते जोसेफ डापोलितो यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९८३ चा. ती ओळ त्यांनी उभी कल्पिली होती. उभ्या ओळीचा गुण असा की आवाज आडव्या दिशेत छान पसरतो आणि उभ्या दिशेत, म्हणजे छताकडे आणि जमिनीकडे, आवळला जातो. तीच ओळ आडवी पाडली की गुण उलटा होतो. आवाज छताकडे आणि जमिनीकडे मोकळा, आणि सोफ्याच्या दोन्ही टोकांकडे आवळलेला.

माझ्या सेंटरवर मी पट्टी लावून पाहिलं. एका वूफरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर ३० सेंटिमीटर. सोफा स्पीकरपासून तीन मीटरवर. आई मध्यापासून एक मीटर बाजूला. म्हणजे ती सरळ रेषेपासून साधारण १८ अंशांवर बसते. तिथून उजवा वूफर डाव्यापेक्षा सुमारे साडेनऊ सेंटिमीटर जवळ पडतो. आता १८०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १९ सेंटिमीटर. तिचं निम्मं केलं तर नेमकं साडेनऊ. एक जण झोका पुढे ढकलत असताना दुसऱ्याने त्याच क्षणी तेवढ्याच जोराने मागे ओढावं, तसं त्या जागी होतं. दोन्ही वूफर इमानदारीने वाजत असतात आणि आईच्या कानाशी एकमेकांना पुसत असतात. आवाज पूर्ण नाहीसा होत नाही. ट्वीटर थोडा हातभार लावतो, भिंतींवरून परतलेला आवाज थोडी भर घालतो. पण खड्डा पडायचा तो पडतोच, आणि तो पडतो बोलण्याच्या ऐन मध्यावर.

बोलण्याचा मध्य म्हणजे काय, याचा पुरावा जुन्या टेलिफोनने दिला आहे. तारेवरचा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे न्यायचा, आणि तेवढ्यात आपण लग्नं जमवली, भांडणं केली, मनीऑर्डरी पोचल्याच्या खात्री करून घेतल्या. पुरुषी आवाजाचा खर्ज १०० हर्ट्झच्या आसपास असतो, तो भारदस्तपणा देतो. अर्थ मात्र वरच्या पट्टीत राहतो. 'पान' की 'कान', 'पाठ' की 'पाट', हे कानाला सांगणारा भाग हजार ते चार हजार हर्ट्झमध्ये आहे, आणि स-श सारखे ऊष्म वर्ण त्याच्याही वर जातात. म्हणून सेंटरमध्ये बास कमी असला तर फार बिघडत नाही. या वरच्या पट्टीत खड्डा पडला तर मात्र सिनेमा हातचा जातो.

मराठी माणसाकडे याची एक घरची परीक्षा आहे, ती इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. आपले 'च' दोन. चुलीतला वेगळा आणि चिवड्यातला वेगळा. चुलीतल्या 'च'ची सळसळ उंच पट्टीत असते, चिवड्यातल्याची थोडी खाली. तेच 'जग' आणि 'जीव' यांचं. एखाद्या मराठी नाटकाचं ध्वनिमुद्रण किंवा साधं बातमीपत्र लावा आणि डोळे मिटून हे दोन 'च' वेगळे ऐकू येतात का ते पाहा. आधी मधे बसून, मग सोफ्याच्या टोकाला सरकून. टोकाला गेल्यावर दोन्ही 'च' एका आईची लेकरं वाटू लागले, तर तो सेंटर तुमच्या घराचा नाही.

दुकानात ही परीक्षा कोणी देऊ देत नाही, हा भाग वेगळा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, मी एक अख्खी दुपार हिंडलो. प्रत्येक ठिकाणी मला हेलिकॉप्टर ऐकवलं गेलं, त्यानंतर स्फोट. स्फोटात सेंटरचं काम थोडं असतं. तो दणका सबवूफरचा. एका दुकानात मी म्हटलं, "बातम्या लावा ना." विक्रेत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पैठणीच्या दुकानात जाऊन मी पायपुसणं मागितलं होतं. पण लावल्या. नंतर मी रिसीव्हरचा, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या पेटीचा, टेस्ट टोन लावायला सांगितला. प्रत्येक एव्ही रिसीव्हरमध्ये तो असतो. स्पीकर जुळवताना जो 'श्श्श्' असा सलग आवाज येतो, तोच. तो फक्त सेंटरमधून चालू ठेवायचा आणि स्पीकरसमोरून खेकड्यासारखं आडवं चालायचं. चांगला स्पीकर असेल तर 'श्श्श्'चा रंग फारसा बदलत नाही. माझ्या घरच्या स्पीकरसारखा असेल तर एक पाऊल बाजूला टाकताच 'श्श्श्'मधून काहीतरी वजा झाल्यासारखं होतं, दुसऱ्या पावलाला ते परत येतं आणि तिसऱ्याला दुसरंच काही जातं. या परीक्षेला पैसा लागत नाही, गाण्याचा कान लागत नाही, फक्त थोडा निलाजरेपणा लागतो.

मग घ्यायचं काय? ज्यांना पैशाची अडचण नाही त्यांच्यासाठी उत्तर सोपं आहे. दोन वूफरच्या मधे ट्वीटर आणि त्याच्या खाली किंवा वर एक छोटा मधल्या पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारी चकती, असा तीन-पदरी सेंटर. त्यात बोलण्याची मुख्य पट्टी एकाच ड्रायव्हरकडे राहते आणि दोन वूफर फक्त खालचं सांभाळतात. खाली तरंगलांबी इतकी मोठी असते की ३० सेंटिमीटरच्या अंतराने काही अडत नाही. दुसरी वाट, ट्वीटर वूफरच्या पोटातच बसवलेला असतो अशा स्पीकरची. केईएफने असा युनी-क्यू ड्रायव्हर १९८८ मध्ये आणला. दोन्ही आवाज एकाच बिंदूतून निघतात, त्यामुळे आडवं-उभं हा प्रश्न बराचसा मिटतो. पण या दोन्ही वाटांवर किमती चढत जातात, आणि हा लेख चढत्या किमतीवाल्यांसाठी नाही.

कमी पैशांतला माझा पहिला सल्ला ऐकायला विचित्र वाटेल. सेंटर म्हणून विकला जाणारा स्पीकर घेऊच नका. डावे-उजवे जे बुकशेल्फ स्पीकर आहेत, त्यांच्यासारखाच तिसरा घ्या आणि तो मधे उभा ठेवा. वूफर एक, ट्वीटर त्याच्या बरोबर डोक्यावर. आडव्या दिशेत दोघांच्या अंतरात फरकच पडत नाही, त्यामुळे आईला आणि बायकोला जवळपास तेच ऐकू येतं जे मला येतं. शिवाय तिन्ही स्पीकर एकाच जातीचे झाल्यामुळे पडद्यावरून रिक्षा डावीकडून उजवीकडे गेली तर मधे पोचल्यावर तिचं इंजिन बदलत नाही. एकाच मालिकेतले तीन स्पीकर घ्या असं सगळे सांगतात, ते याचसाठी. तोच स्पीकर घेतला की जुळणीचा प्रश्न मुळातच उरत नाही.

अडचणी दोन. एक, बुकशेल्फ जोडीने विकतात. सुटा एक मागितला की दुकानदार हसतो. मित्र किंवा भाऊ अर्धी जोडी घ्यायला तयार असेल तर उत्तम. दुसरी अडचण उंचीची. असा स्पीकर साधारण एक फूट उंच. टीव्ही युनिटवर ठेवला तर पडद्याच्या पोटात घुसतो. आमचा टीव्ही भिंतीवर होता, तो वर सरकवावा लागला. सुतार आला, भिंतीला चार नवी भोकं पाडली आणि जुनी चार आता टीव्हीमागे लपली आहेत. पडदा थोडा वर गेला म्हणून पहिला आठवडा माझीच मान कुरकुरली. तेवढं चालवून घ्यावं लागतं. टीव्ही वर जाण्यासारखा नसेलच तर तोच बुकशेल्फ आडवा पाडूनही चालतो. नुकसान होतं, पण त्यातले दोन ड्रायव्हर एकमेकांच्या जवळ असतात आणि दोघं एकत्र वाजतात तो पट्टाही अरुंद, त्यामुळे दोन वूफरवाल्यापेक्षा ते कमी भरतं.

दुसरा सल्ला आणखी स्वस्त. घरात दोनच माणसं असतील आणि दोघं मधे खेटून बसत असतील, तर सेंटर घेऊच नका. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर 'नन' करा, संवाद डाव्या-उजव्यात वाटून जातात. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये वर्षानुवर्षं स्पीकर मोजणारे फ्लॉइड टूल यांनी या भासमान सेंटरचा एक दोष दाखवला आहे. प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात, लांबचा साधारण पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि त्यामुळे २००० हर्ट्झच्या आसपास थोडा खड्डा इथेही पडतो. म्हणजे ही वाट निर्दोष नाही. पण स्वस्त आणि वाईट सेंटर घेण्यापेक्षा बरी. वाचलेले पैसे डाव्या-उजव्यात घाला.

आणि आडवाच घ्यायचा झाला, जागेपुढे इलाज नसला, तर वूफर लहान आणि एकमेकांच्या जवळ असलेला घ्या. चार इंची वूफर पाच इंचीपेक्षा जवळ बसतात. मोठ्या वूफरचा मोह सेंटरमध्ये महागात पडतो. काही स्वस्त सेंटरमध्येही दोनपैकी एक वूफर वरच्या पट्टीत मुद्दाम लवकर थांबवलेला असतो, त्याला अडीच-पदरी म्हणतात. माहितीपत्रकात ते शब्द दिसले तर कान टवकारा. गंमत अशी की वीस वर्षांपूर्वी खोक्यातून जे होम थिएटर मिळायचं, डीव्हीडी प्लेयर आणि पाच चिमुकले स्पीकर, त्यातला सेंटर पुष्कळदा एकाच ड्रायव्हरचा असायचा. आवाज किरटा, पण सोफ्याच्या दोन्ही टोकांना सारखाच किरटा.

वॅटच्या आकड्यांकडे मी फारसं पाहत नाही. नव्वदच्या दशकात डेकवर '१००० वॅट पीएमपीओ' असे चंदेरी स्टिकर असत. त्या आकड्याचा आणि घराला हादरा बसण्याचा संबंध नव्हता, हे आपण सगळे जाणतो. त्यापेक्षा स्पीकर किती डेसिबल संवेदनशील आहे ते पाहा. ८६ च्या जागी ८९ असेल तर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये निघतो, आणि स्वस्त रिसीव्हरला ते सोसवतं. ओहम आठ किंवा सहा असावेत. चारवाल्याने लहान रिसीव्हर तापतो.

जुना स्पीकर घ्यायला माझी हरकत नाही, उलट पैसे वाचवायचा तोच राजमार्ग. फक्त वूफरच्या कडेचं वर्तुळ बोटाने हळूच दाबून पाहा. रबराचं असेल तर बहुधा ठीक. फोमचं असेल तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते दहा-पंधरा वर्षांत बिस्किटासारखं चुरतं. वूफरचा शंकू दाबताना खरखर लागली तर चहा पिऊन परत या.

मात्र ज्यांच्याकडे फक्त टीव्ही आहे किंवा टीव्ही आणि साउंडबार, त्यांनी सुटा सेंटर घेऊन येऊ नये. त्याला वाजवायला रिसीव्हर लागतो. साउंडबार घेणाऱ्यांनी पहिला आकडा पाहावा. २.१ मध्ये सेंटर नाही, ३.१ मध्ये आहे.

स्पीकर घरी आणल्यावर निम्मं काम उरतं आणि त्यातलं बरंचसं फुकट असतं. टीव्ही युनिटच्या खोल कप्प्यात त्याला ढकलू नका. कप्पा घुमटासारखा घुमतो आणि पुरुषी आवाज घागरीत बोलल्यासारखे येतात. स्पीकर कप्प्याच्या पुढच्या कडेला, शक्य तर बोटभर बाहेर आणा. मागच्या बाजूला भोक असेल तर भिंतीपासून सुटा ठेवा. सुटा ठेवणं जमत नसेल तर भोकात एक गुंडाळलेला मोजा सारा. धुतलेला. मग उंची पाहा. युनिट जमिनीपासून दीड फुटावर, सोफ्यावरच्या माणसाचा कान सव्वातीन फुटांवर. स्पीकर सरळ ठेवला तर तो तुमच्या गुडघ्यांशी बोलतो. माझ्या जुन्या सेंटरची पुढची कड चार सेंटिमीटर उचलल्यावर तो तीन मीटरवरच्या कानाकडे पाहू लागला. उचलायला दाराखाली सरकवायची रबरी पाचर पुरते. घरात खाली सतरंजीवर बसून पाहायची पद्धत असेल तर पाचर लागणारही नाही.

सतरंजीवरून आठवलं. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेचं टीपॉय असलेल्या हॉलमध्ये कुठलाही सेंटर बोबडा होतो, कारण प्रत्येक शब्दामागे त्याचा पडसाद येतो. टीपॉय बाजूला सारा आणि स्पीकर व सोफा यांच्या मधल्या फरशीवर जाड काहीतरी पसरा. पातळ सतरंजीने फक्त अगदी वरची किणकिण जाते. दुहेरी अंथरलेली गोधडी खूपच बरं काम करते. पाहुण्यांना ती दिसायला नको वाटली तर पाहुणे गेल्यावर अंथरा, पाहुण्यांसमोर सिनेमा कोण पाहतो?

वायरीसाठी खास चकचकीत पाकिटं विकत घेऊ नका. विजेच्या सामानाच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर घ्या. पाच मीटर वायर टाकली तर जाऊन-येऊन दहा मीटर होते, तिचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो किस झाड की पत्ती. लक्ष द्यायचं ते अधिक-उण्याकडे. सेंटरच्या वायरी उलट्या लागल्या तर आवाज येतो, पण पोकळ येतो, आणि माणूस महिनोन्महिने स्पीकरलाच शिव्या देत राहतो.

शेवटी रिमोट. सेंटर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, स्पीकर फारच लहान असेल तर १००. त्याखालचं सबवूफर पाहील. सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवली तर पाप लागत नाही. रात्री 'नाइट मोड' लावा, स्फोट आणि कुजबुज यांच्यातलं अंतर कमी होतं. हल्ली ते अंतर वाढलंही आहे. पूर्वी आपले सिनेमे स्टुडिओत बसून डब होत, प्रत्येक शब्द मायक्रोफोनला चिकटून बोललेला. २००१ मध्ये 'लगान'ने चित्रीकरणाच्या जागीच संवाद टिपले आणि मग ती रीत पसरली. अभिनय खरा झाला, पुटपुटणंही खरं झालं.

एक चूक तर मी घराघरांत पाहिली आहे. नवा सेंटर आणतात, युट्यूबवर जुना मराठी सिनेमा लावतात आणि सेंटर गप्प. कारण त्या सिनेमाचा आवाज दोनच वाहिन्यांचा असतो. रिसीव्हर 'स्टिरिओ'वर असेल तर मधल्याकडे काही जातच नाही. रिमोटवर 'डॉल्बी सराउंड' किंवा जुन्या रिसीव्हरवर 'प्रो लॉजिक' निवडा, मग तो दोन्हींमध्ये सारखं असलेलं बोलणं वेचून मधे आणतो. आणि ओटीटीवर ५.१ असूनही टीव्ही दोनच वाहिन्या पाठवत असेल, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम'ऐवजी 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' करून पाहा. आमच्या एका शेजाऱ्यांचा सेंटर असा आठ महिने मौनात होता. त्यांना तो अतिशय आवडलाही होता.

आमच्याकडे आता मधे तिसरा बुकशेल्फ उभा आहे. आई त्याच जागी बसते, वारा तसाच चुकवते. प्रश्न अजूनही येतो, पण सिनेमा मल्याळम असला तर. जोडीतला चौथा स्पीकर उरला. भावाला विचारलं, त्याला नको होता. तो मी एका जुन्या अँपला जोडून स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवला आहे. सकाळी त्यावर आकाशवाणीच्या बातम्या लागतात. त्याबद्दल आईची एकच तक्रार आहे, कुकरच्या शिट्टीत ऐकू येत नाही.